महायुगांतील सावन दिवसांची संख्या व तिचा पाठनिश्चय

ज्योतिषाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांना एक अडचण वारंवार येते. एका महायुगांत, म्हणजे ४३,२०,००० सौर वर्षांत, सावन दिवस किती, या प्रश्नास एका ग्रंथावरून १,५७,७९,१७,५०० असें उत्तर मिळतें, दुसऱ्यावरून १,५७,७९,१७,८०० असें निघतें, आणि तिसऱ्यांत १,५७,७९,१७,८२८ अशी संख्या असते. आरंभींचे सात अंक तिन्ही ठिकाणीं तेच. फरक काय तो शेवटच्या तीन स्थानांत. हस्तलिखितें हाताळण्याची ज्यास संवय आहे, त्याच्या मनांत प्रथम असा विचार येतो कीं मूळ संख्या एकच असावी आणि नकला होतां होतां तिचा शेवट बिघडला असावा. मग तो आपणांस परिचित असलेली संख्या शुद्ध धरतो आणि इतर ठिकाणीं हरताळ लावून दुरुस्ती करितो, निदान समासांत तरी तशी खूण करितो.

ही दुरुस्ती ग्रंथाची हानि करणारी आहे. या तिन्ही संख्या खऱ्या आहेत, प्रत्येकीस स्वतंत्र प्रयोजन आहे, आणि तें प्रयोजन संख्येच्या अंगच्या गुणधर्मांवरूनच सिद्ध होतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. येथें लागणारें गणित भागाकार आणि बाकी यापलीकडे जात नाहीं.

प्रथम अशा संख्या ग्रंथांत कशा लिहीत तें पाहूं. आर्यभटानें त्यांकरितां स्वतःची अक्षरपद्धति योजिली. व्यंजनास मूल्य आणि स्वरास स्थान देऊन तो एका लहानशा शब्दांत दहा अंक बसवितो. इतर बहुतेक सिद्धांतकार शब्दांक वापरतात. वसु म्हणजे ८, अद्रि म्हणजे ७, तिथि म्हणजे १५, असे शब्द एकं स्थानापासून क्रमानें मांडून संख्या पुरी करितात. या पद्धतीनें अंक श्लोकांत गुंफले जातात व वृत्तामुळें त्यांचें रक्षण होतें, असें सामान्यतः समजतात. तें अर्धेंच खरें आहे. एखादा शब्द गळला किंवा वाढला तर वृत्तभंग होऊन चूक उघडी पडते. परंतु ‘वसु’ (८) आणि ‘रस’ (६) या दोन्ही शब्दांत दोन दोन लघु अक्षरें आहेत. ‘राम’ (३), ‘वेद’ (४) आणि ‘बाण’ (५) हे तिन्ही शब्द गुरु-लघु आहेत. एकाच्या जागीं दुसरा पडला तर वृत्त तसेंच राहतें आणि संख्या मात्र बिघडते. आर्यभटाच्या पद्धतींत तर एका व्यंजनाच्या फरकानें लक्षांचा आणि कोटींचा फरक होतो. म्हणून वृत्तापलीकडे दुसरी कसोटी हवी, आणि ती संख्येकडेच मागितली पाहिजे.

आर्यभटीयांतील संख्या प्रथम घेऊं. आर्यभटानें महायुगांत पृथ्वीचे परिवर्त १,५८,२२,३७,५०० आणि सूर्याचे भगण ४३,२०,००० सांगितले आहेत. पहिल्यांतून दुसरे वजा केले म्हणजे सावन दिवस १,५७,७९,१७,५०० येतात. या संख्येचे अविभाज्य गुणक पाडले तर दोनदां २, एकदां ३, चार वेळां ५, आणि शेवटीं ६१ व ३,४४९ असे होतात. वर्षसंख्या व दिनसंख्या या दोहोंस ७,५०० नीं नि:शेष भाग जातो. अपवर्तन दिलें असतां वर्षें ५७६ आणि दिवस २,१०,३८९ अशा दृढ संख्या राहतात. त्यांत आणखी समान गुणक नाहीं. कुट्टकाचीं उदाहरणें देतांना पहिला भास्कर सूर्याकरितां याच दोन संख्या घेतो. त्यांचा अर्थ असा कीं, मध्यम सूर्य एकदां ठीक सूर्योदयाच्या क्षणीं मेषारंभीं आला, तर पुन्हां तसा योग ५७६ वर्षांनीं, म्हणजे २,१०,३८९ दिवसांनीं येईल. त्यापूर्वीं येणार नाहीं. यावरून वर्षाचें मान ३६५ दिवस १५ घटी ३१ पळें १५ विपळें असें येतें. विपळांपुढें कांहीं उरत नाहीं.

आतां या संख्येचा चारांशीं असलेला संबंध पाहूं. आर्यभटाच्या मतें महायुगाचे चारी पाद समान, प्रत्येकीं १०,८०,००० वर्षांचे आहेत. कलियुगाच्या आरंभापूर्वीं तीन पाद लोटले. त्या वेळीं सर्व मध्यम ग्रह मेषारंभीं असावेत, तर प्रत्येक ग्रहाच्या भगणसंख्येस ४ नीं भाग गेला पाहिजे. आर्यभटाचे अंक पहा: चंद्र ५,७७,५३,३३६, शनि १,४६,५६४, गुरु ३,६४,२२४, मंगळ २२,९६,८२४, बुधाचें शीघ्रोच्च १,७९,३७,०२०, शुक्राचें शीघ्रोच्च ७०,२२,३८८. शेवटच्या दोन अंकांवर नजर टाकली तरी पुरे. सर्वांस ४ नीं भाग जातो. चंद्राचें मंदोच्च आणि पात हे दोन मात्र यास अपवाद आहेत. मंदोच्चाचे भगण ४,८८,२१९. चारांनीं भागून बाकी ३. याचे तीन चतुर्थांश केले म्हणजे पूर्ण भगण जाऊन पाव भगण राहतो. म्हणून कलियुगारंभीं मंदोच्च तीन राशींवर. पाताचे भगण २,३२,२२६, बाकी २, तीन चतुर्थांशांत अर्धा भगण राहतो, म्हणून पात सहा राशींवर. या संप्रदायाचे गणक या दोहोंचे ध्रुवक म्हणून कलियुगारंभीं हेच तीन आणि सहा राशी धरतात. नकलेंत शेवटच्या दोन अंकांपैकीं एखादा बदलला, तर ही व्यवस्था बहुधा तत्काळ मोडते.

दुसरी कसोटी सातांची, म्हणजे वाराची. वारांची माळ अखंड आहे. मागें मोजीत गेलें असतां कलियुगाचा आरंभ शुक्रवारीं येतो. इसवी सनापूर्वीं ३१०२ या वर्षाच्या फेब्रुवारीची १८ तारीख ती हीच. आतां एका पादाचे दिवस ३९,४४,७९,३७५. त्यांस ७ नीं भागून बाकी ३ उरते. तीन पादांच्या नऊ, त्यांतून सात गेले, राहिले दोन. म्हणून महायुगारंभ शुक्रवारच्या मागें दोन वार, म्हणजे बुधवारीं झाला पाहिजे. आर्यभटानें गीतिकापादांत महायुगाचा आरंभ लंकेच्या सूर्योदयीं, बुधवारींच सांगितला आहे. म्हणजे दिनसंख्या अक्षरांकांत एके ठिकाणीं, वार शब्दांत दुसरे ठिकाणीं, आणि दोन्ही एकमेकांस साक्ष देतात. ग्रंथकारानें ही साक्ष जाणून ठेविली असो वा नसो, आम्हांस तिचा लाभ आहे.

ही वाराची कसोटी किती कडक आहे, हें पाहण्यासारखें आहे. गणिताचा ताळा पाहण्यासाठीं नऊ टाकण्याची रीति दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतांत आहे, आणि कोणत्याही इष्ट भाजकानें ताळा घेण्याची व्यापक रीति नारायण पंडितानें शके १२७८ (इ. स. १३५६) मध्यें गणितकौमुदींत दिली आहे. नवांच्या ताळ्यानें एका अंकाची चूक बहुधा सांपडते. केवळ ० च्या जागीं ९ किंवा ९ च्या जागीं ० पडले तर ती निसटते. पण शेजारचे दोन अंक उलटे पडले तर नवांचा ताळा कधींच कळवीत नाहीं, कारण अंकांची बेरीज तीच राहते. सातांचें तसें नाहीं. एका अंकाच्या जागीं दुसरा पडला आणि त्यांत ७ चा फरक असला, म्हणजे ० व ७, १ व ८ किंवा २ व ९ अशी जोडी असली, तरच चूक लपते. शेजारचे अंक उलटे पडले तरीही तसाच ७ चा फरक असल्याशिवाय ती लपत नाहीं. देवनागरींत १ आणि ९ यांचा घोटाळा नेहमींचा. त्यांत फरक ८, म्हणून तो दोन्ही ताळ्यांत सांपडतो. दोन्ही ताळे मिळून पाहिले असतां एका अंकाची कोणतीही चूक लपून राहूं शकत नाहीं. मात्र बाकी किती यावयास पाहिजे, हें आधीं स्वतंत्रपणें ठाऊक हवें. सातांची बाकी वारावरून कळते; नवांची पृथ्वीच्या परिवर्तांवरून. परिवर्तांच्या अंकांची बेरीज ३३, म्हणजे नऊ टाकून ६. रविभगणांची ९, म्हणजे शून्य. दिवसांची ४२, म्हणजे ६. ताळा जमला.

आतां १,५७,७९,१७,८०० या संख्येकडे वळूं. वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेंत जो सूर्यसिद्धांत सांगितला आहे, त्यांत १,८०,००० वर्षांचे दिवस ६,५७,४६,५७५ येतात. महायुग त्याच्या चोवीसपट आहे. चोविसांनीं गुणिलें असतां १,५७,७९,१७,८०० होतात. पुष्कळ वर्षांपूर्वीं हा गुणाकार मीं प्रथम केला, तेव्हां वर सांगितलेली वाराची कसोटी मला ठाऊक होती, आणि तिच्याच बळावर मीं माझ्या टिपणवहींत ‘पाठ अशुद्ध, ८०० च्या जागीं ५०० वाचावें’ असें लिहिलें. माझें कारण असें होतें: या संख्येच्या चतुर्थांशास ७ नीं भागून बाकी १ उरते, तीन पादांच्या तीन, मग महायुगारंभ मंगळवारीं येतो, बुधवारीं येत नाहीं. शिवाय पंचसिद्धांतिकेच्या उपलब्ध प्रती फार दूषित आहेत हें सर्वविश्रुत आहे. थीबो आणि सुधाकर द्विवेदी यांनीं १८८९ सालीं ती छापली तेव्हां संस्कृत मूळ जसेंच्या तसें देऊन शेजारीं शोधिलेला पाठ द्यावा लागला. तेव्हां ५ च्या जागीं ८ पडणें यांत नवल नव्हतें. तर्क नीट होता. परंतु एका पक्षाची कसोटी मीं दुसऱ्या पक्षास लाविली होती.

ही चूक लक्षांत येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली अशी कीं, त्याच ग्रंथांत १,८०,००० वर्षांच्या क्षयतिथि १०,४५,०९५ दिल्या आहेत. त्यांस २४ नीं गुणून २,५०,८२,२८० होतात. यांत १,५७,७९,१७,८०० मिळविले म्हणजे १,६०,३०,००,०८० तिथि येतात. दुसरीकडे चंद्राच्या भगणांतून सूर्याचे भगण वजा करून चांद्र मास ५,३४,३३,३३६ येतात. त्यांची तीसपट केली तर तिथि पुन्हां १,६०,३०,००,०८० च. एका अंकाचा प्रमाद असता तर हा मेळ बसला नसता. दोन वेगळ्या जागीं परस्परांस पूरक असे दोन प्रमाद घडले असें मानावें लागलें असतें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ५०० आणि ८०० यांत अंतर ३०० दिवसांचें. आर्यभटानें कलियुगाचीं ३,६०० वर्षें गेलीं तेव्हां आपलें वय २३ होतें असें सांगितलें आहे, तो काल शके ४२१ (इ. स. ४९९) होय. ३,६०० वर्षें हा महायुगाचा बाराशेवा भाग. १,५७,७९,१७,५०० यांस १,२०० नीं भागिलें असतां १३,१४,९३१ दिवस आणि वर पाव दिवस येतो. या पक्षांत कलियुगाचा आरंभ शुक्रवारच्या सूर्योदयीं आहे. १३,१४,९३१ यांस ७ नीं भागून बाकी २. म्हणून रविवारचा सूर्योदय, आणि त्यापुढें पाव दिवस, म्हणजे १५ घटी: रविवारचा मध्याह्न. आतां १,५७,७९,१७,८०० यांस १,२०० नीं भागा. दिवस तेवढेच, १३,१४,९३१, पण वर पावाऐवजीं अर्धा दिवस. या दुसऱ्या पक्षांत कलियुगाचा आरंभ शुक्रवारच्या सूर्योदयापूर्वींच्या मध्यरात्रीं आहे. मध्यरात्रीपासून रविवार लागला, त्यापुढें अर्धा दिवस, म्हणजे पुन्हां रविवारचा मध्याह्नच. इ. स. ४९९ च्या मार्च महिन्याची २१ तारीख ती हीच.

यावरून ३०० दिवसांचें रहस्य उघड होतें. दोन पक्षांच्या आरंभांत १५ घटींचें अंतर आहे. ३,६०० वर्षांत तें अंतर बरोबर भरून निघावें आणि आर्यभटाच्या काळीं दोन्ही पक्षांचा मध्यम सूर्य एकाच क्षणीं मेषारंभीं यावा, असें करावयाचें तर महायुगाच्या दिवसांत पाव गुणिले १,२००, म्हणजे ३०० दिवसच मिळवावे लागतात. एक कमी नाहीं, एक अधिक नाहीं. या अनुमानास ग्रंथांचाही आधार आहे. आर्यभटानें दिवसाचा आरंभ एकदां लंकेच्या मध्यरात्रीपासून आणि पुन्हां सूर्योदयापासून सांगितला, असें वराहमिहिर नमूद करितो. पहिला भास्कर महाभास्करीयाच्या सातव्या अध्यायांत अर्धरात्रपक्षाचे अंक देतांना सावन दिवसांत ३०० मिळविण्यास सांगतो. ब्रह्मगुप्तानें शके ५८७ (इ. स. ६६५) मध्यें रचिलेलें खंडखाद्यक याच पक्षाचें आहे. म्हणून ‘८००’ हा लेखनप्रमाद नसून एका स्वतंत्र पक्षाची मुद्रा आहे. तो अंक ‘५००’ करणें म्हणजे त्या पक्षाचा पुरावाच पुसून टाकणें होय. माझ्या वहींतील शेरा मीं खोडला, पण वाचतां येईल असा ठेविला आहे.

तिसरी संख्या १,५७,७९,१७,८२८ ही वर्तमान सूर्यसिद्धांताची. पंचसिद्धांतिकेंतील सूर्यसिद्धांत आणि आज प्रचलित असलेला सूर्यसिद्धांत हे भिन्न होत, हें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत सविस्तर दाखविलें आहे. दोहोंच्या दिनसंख्यांत अंतर २८ चें. आतां २८ ही संख्या कशी आहे? तिला ४ नीं भाग जातो आणि ७ नींही जातो. आणि असें दोहोंनीं भागिलें जाणाऱ्या संख्यांत ती सर्वांत लहान आहे. पादाच्या दिवसांत तिच्यामुळें ठीक ७ ची भर पडते. म्हणजे वर्षमान तर थोडें वाढलें, परंतु पादाची पूर्णांकता टिकली आणि एकाही युगपादाच्या आरंभाचा वार ढळला नाहीं.

या सिद्धांताचा वार त्याच्या स्वतःच्या आरंभापासून मोजून पाहूं. येथें कल्पाच्या आरंभीं सृष्टिरचनेस १,७०,६४,००० वर्षें लागलीं असें मानिलें आहे. ग्रहगति त्यानंतरची, आणि वार रविवारापासून. तेथून कलियुगारंभापर्यंत वर्षें १,९५,५८,८०,०००, म्हणजे १०,८०,००० वर्षांचे ठीक १,८११ पाद. एका पादाचे दिवस ३९,४४,७९,४५७. ७ नीं भागून बाकी १. म्हणून १,८११ पादांची बाकी तीच जी १,८११ ची, म्हणजे ५. रविवारापासून पांच वार पुढें शुक्रवार. सर्व अहर्गण ७,१४,४०,२२,९६,६२७ आहे. त्यासही प्रत्यक्ष ७ नीं भागून पाहावें, बाकी ५ च येते. रविवारीं सृष्टि आणि शुक्रवारीं कलि, दोन्ही टोकें जुळतात.

सूर्यसिद्धांताच्या नव्या अंकांत हाच बंध सर्वत्र पाळलेला दिसतो. शनि १,४६,५६८, मंगळ २२,९६,८३२, गुरु ३,६४,२२०, बुधशीघ्र १,७९,३७,०६०, शुक्रशीघ्र ७०,२२,३७६. आर्यभटीयाशीं ताडून पाहतां फरक अनुक्रमें ४, ८, ४, ४० आणि १२ यांचे. सर्व चारांच्या पटींत. मंदोच्च ४,८८,२१९ चें ४,८८,२०३ झालें, १६ नीं कमी. पात २,३२,२२६ चा २,३२,२३८ झाला, १२ नीं अधिक. पूर्वीं बाकी ३ आणि २ होती, ती आतांही ३ आणि २ च आहे. म्हणून कलियुगारंभींचे तीन राशी आणि सहा राशी तसेच राहिले. नकलणाऱ्याच्या प्रमादांस असा चारांचा धाक नसतो. सात ठिकाणीं सात फरक, आणि सातही चारांच्या पटींत, हें कोणा जाणत्या गणकाचें काम आहे. आकाशांत पाहून त्यानें गति सुधारल्या, पण आरंभबिंदूस धक्का लागूं दिला नाहीं. २८ दिवसांची भरही त्याच जातीची आहे, असें माझें मत आहे.

हा नियम आर्यपक्ष आणि सौरपक्ष यांपुरताच असेल अशी शंका राहूं नये, म्हणून ब्राह्मपक्षाचें एक उदाहरण देतों. ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें ब्राह्मस्फुटसिद्धांतांत कल्पाच्या ४,३२,००,००,००० वर्षांत सावन दिवस १५,७७,९१,६४,५०,००० मानिले, भास्कराचार्यानें शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धांतशिरोमणींत तेच घेतले. येथें युगपाद समान नाहींत. कृतादि युगें ४, ३, २, १ या प्रमाणांत आहेत. कल्पारंभापासून कलियुगारंभापर्यंत वर्षें १,९७,२९,४४,००० आणि अहर्गण ७,२०,६३,४४,४२,७१५ येतो. ७ नीं भागून बाकी ५. कल्पारंभ रविवारीं; म्हणून कलि पुन्हां शुक्रवारीं. ग्रंथ वेगळा, कालविभाग वेगळा, दिनसंख्या वेगळी; तरी वार तोच.

आपल्या प्रांतांत पंचांग करणाऱ्या जोशांनीं या प्रचंड संख्या पुढें हातावेगळ्या केल्या. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ (इ. स. १५२०) हें आरंभवर्ष धरून ग्रहलाघव रचिला, त्यांत अहर्गण लहान ठेवण्यासाठीं ११ वर्षांचें एक चक्र, ४,०१६ दिवसांचें, कल्पिलें. वार काढतांना मात्र चक्रसंख्येची पांचपट अहर्गणांत मिळवून सातांनीं भागावयास तो सांगतो, आणि बाकी सोमवारापासून मोजितो. ही पांचपट कोठून आली? ४,०१६ यांस ७ नीं भागून बाकी ५ उरते, तेथून. मोठी संख्या टाकून दिली, पण तिची बाकी जपून ठेविली. ग्रहलाघवाच्या पोथ्या महाराष्ट्रांत घरोघरीं सांपडतात. त्यांतील उदाहरणांचे अंक संशयित वाटले तर हाच ताळा लावून पाहावा.

शेवटीं आर्यभटाच्याच एका पाठभेदाचा उल्लेख करणें अवश्य आहे. १८६४ सालीं डॉ. भाऊ दाजी यांनीं आर्यभटीयाची पोथी मिळवून या ग्रंथाकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. १८७४ सालीं कर्न यांनीं परमेश्वराच्या टीकेसह तो लायडन येथें छापिला. गीतिकापादांत एका प्राणांत एक कला कोण चालतें, या ठिकाणीं त्या टीकेचा पाठ ‘भम्’, म्हणजे नक्षत्रमंडळ, असा आहे. ब्रह्मगुप्तानें आर्यभटावर दोष ठेवितांना मात्र ‘भू’ असा पाठ उद्धृत केला आहे. पृथ्वी फिरते हें मत पुष्कळ टीकाकारांस रुचलें नाहीं, आणि एका अक्षराच्या फरकानें तें झांकतां आलें. पण पृथ्वीचे परिवर्त १,५८,२२,३७,५०० ही संख्या त्यांस बदलतां आली नाहीं. ती बदलावी तर सावन दिवस बदलतात. ते बदलले तर तिथि बिघडतात, वार बिघडतो, बुधवारचा मंगळवार होतो. शब्दास एकच धनी असतो. संख्या मात्र अनेकांशीं बांधलेली असते, म्हणून ती टिकते.

या कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संख्या त्या त्या पक्षाच्या इतर अंकांशीं जुळते कीं नाहीं, एवढेंच ती सांगते. ती कोणीं व केव्हां योजिली, हें सांगत नाहीं. दोन अंक एकदम चुकले, तर क्वचित् ताळा जुळूनही चूक राहूं शकते. आणि ग्रंथ कोणत्या पक्षाचा, त्याचा दिवस सूर्योदयीं लागतो कीं मध्यरात्रीं, त्याची गणना महायुगापासून, सृष्टीपासून कीं कल्पापासून, हें ठरविल्यावांचून ताळा लावूं नये. तसें केलें म्हणजे काय होतें, हें माझ्याच उदाहरणावरून वर दिसलें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पोथींत परिचित संख्येहून निराळी संख्या आढळली तर ती प्रथम जशीच्या तशी उतरून घ्यावी. मग तिचे सात टाकावे, नऊ टाकावे, चारांनीं भाग जातो कीं नाहीं तें पाहावें, आणि त्याच पोथींतील मास, तिथि व वार यांशीं ती ताडून पाहावी. इतकें करूनही ती जमली नाहीं, तर शंका समासांत पेन्सिलीनें नोंदवावी. हरताळ मात्र लावूं नये.